माळवदाच्या घरात लॅपटॉपचं वायफाय सारखं तुटतंय: राउटर बदलू की आधी दुसरं काही तपासू?

औसा_केंद्र

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र आहे, तिथल्या लॅपटॉपबद्दल विचारायचंय. शेतकरी समोर बसलेला असतो, अंगठा देऊन झालेला असतो आणि सबमिट दाबलं की चक्र फिरत राहतं. सेशन जातं, फॉर्म पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो. पीक विम्याच्या शेवटच्या दिवसांत हे परवडत नाही.

जागा अशी: जुनं माळवदाचं घर, दगड आणि पांढऱ्या मातीच्या भिंती, जाडी दोन फुटांच्या आसपास. फायबर मागून आत येतं, त्याचा डबा (हाच राउटर) आतल्या खोलीत लोखंडी कपाटावर ठेवलाय. केंद्र पुढच्या खोलीत. मधे एकच भिंत आहे. त्या भिंतीत दार आहे, पण टेबलाच्या सरळ रेषेत नाही. राउटर दोन्ही बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) असून दोन्हींचं नाव एकच आहे.

लॅपटॉप विंडोज ११, एएमडी प्रोसेसर, लॅन पोर्ट नाही. वायफाय कार्ड एका अँटेनाचं, ५ गिगाहर्ट्झ चालणारं. डाव्या बाजूला यूएसबी ३.० हब लावलंय, त्यावर प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि बाहेरची हार्डडिस्क.

लक्षणं तीन. एक, वायफायचं चिन्ह पूर्ण दिसतं पण दहा-वीस सेकंद काहीच उघडत नाही. दोन, कधी कधी कनेक्शन पूर्ण तुटून आपोआप जोडलं जातं, दुपारी जास्त. तीन, लॅपटॉप झाकून पुन्हा उघडला की क्वचित वायफायचं बटणच गायब असतं, रीस्टार्ट केल्यावर येतं. मोबाइलवर मात्र त्याच वायफायला काही अडचण दिसत नाही. सगळे म्हणतात राउटर बदला. बदलू का?

रेडिओलहरी

थांबा, अजून काही विकत घेऊ नका. तुमची तीन लक्षणं बहुतेक तीन वेगळ्या कारणांची आहेत, आणि नवा राउटर त्यातलं एखादंच सोडवेल, तेही नशीब असेल तर.

आधी मोबाइलचा मुद्दा निकालात काढू. आजकालचे बरेच फोन वायफाय अडखळलं की गुपचूप सिमच्या डेटावर जातात आणि वरचं चिन्ह बघून ते कळतही नाही. फोनचा मोबाइल डेटा बंद करा, फोन लॅपटॉपच्या शेजारी टेबलावर ठेवा आणि मग बघा. तेव्हा फोनही अडकला तर दोष लॅपटॉपचा एकट्याचा नाही.

आता खरी तपासणी. लॅपटॉप ते राउटर हा एक टप्पा आणि राउटर ते बाहेरचं जग हा दुसरा. नेमका कोणता टप्पा तुटतो हे कळल्याशिवाय कोणतीही सेटिंग बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला हे कधीच समजणार नाही.

कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा. आयपीकॉन्फिग ही कमांड दिली की डिफॉल्ट गेटवे म्हणून राउटरचा पत्ता मिळेल, बहुतेक १९२.१६८.१.१ असतो. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. पहिल्या खिडकीत पिंग, मग तो पत्ता, मग डॅश टी. दुसऱ्या खिडकीत पिंग ८.८.८.८ (हा बाहेरच्या जगातला पत्ता) डॅश टी. दोन्ही चालू ठेवून नेहमीचं काम करत राहा. थांबवायला कंट्रोल आणि सी.

अडकलं की लगेच दोन्ही खिडक्या बघा:

राउटरचं पिंग १ ते ५ मिलिसेकंदांवर शांत आहे आणि ८.८.८.८ टाइम आउट होतंय, तर वायफाय निर्दोष आहे. फायबर किंवा कंपनीची लाइन बघायची. डब्यावर लॉसचा (फायबरमधला सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागतो का, तेही पाहा.

राउटरचंच पिंग तीनशे-पाचशेवर उडतंय किंवा टाइम आउट होतंय, तर भांडण लॅपटॉप आणि राउटरमधलंच आहे. बाहेरच्या कंपनीला फोन करून उपयोग नाही.

दोन्ही पिंग व्यवस्थित आहेत आणि तरी वेबसाइट उघडत नाहीत, तर दोष डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. अ‍ॅडॉप्टरच्या सेटिंगमध्ये डीएनएस हाताने ८.८.८.८ आणि १.१.१.१ द्या.

आयपीकॉन्फिगमध्ये तुमच्या लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ताच दिलेला नाही. वायफाय जोडल्यासारखं दिसतं, पण पुढे काही जात नाही.

दुसरी कमांड: नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस. यातून सिग्नल, चॅनल, रेडिओ टाइप आणि रिसीव्ह रेट या चार ओळी इथे टाका. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत या कमांडला लोकेशनची परवानगी लागते. प्रायव्हसीमध्ये लोकेशन बंद असेल तर माहिती न देता चूक दाखवते, तेव्हा घाबरू नका.

तिसरी: प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट. मागच्या तीन दिवसांचा आलेख ब्राउझरमध्ये उघडता येईल अशी फाइल तयार होते, ती कुठे ठेवली तो मार्ग कमांड स्वतःच सांगते. त्यात प्रत्येक तुटण्याची वेळ आणि कारण लिहिलेलं असतं. लाल खुणांवर क्लिक करत जा. झोपेतून उठल्यावरच तुटतं की चालू कामात, हे तिथे स्पष्ट दिसतं.

औसा_केंद्र

धन्यवाद सर, सगळं केलं. अडकतं तेव्हा दोन्ही खिडक्या एकदमच अडकतात. राउटरचं पिंग एरवी ३-४, मधेच ४०० ते ९००, मग दोन-तीन टाइम आउट. कुठल्या ठरावीक अंतराने नाही, कधीही.

सिग्नल ५२ टक्के, चॅनल ९, रेडिओ टाइप ८०२.११एन, रिसीव्ह रेट १३ ते २६ मध्ये फिरतो. हाच लॅपटॉप आतल्या खोलीत डब्यापाशी नेला की सिग्नल ९९, चॅनल ३६, पिंग एकदम स्वच्छ. डेटा बंद केल्यावर टेबलावर मोबाइलही अडखळला.

रिपोर्टमध्ये पूर्ण तुटण्याच्या काही खुणा दुपारच्या आहेत, काही झाकण उघडल्यानंतरच्या.

रेडिओलहरी

आता चित्र स्पष्ट झालं. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. विंडोजचे टक्के डीबीएममध्ये असे काढतात: टक्क्यांचं निम्मं करायचं आणि त्यातून १०० वजा करायचे. ५२ चे झाले २६, म्हणजे उणे ७४. साधारण उणे ६७ च्या वर व्हिडिओ कॉल, पोर्टल सगळं आरामात चालतं. उणे ७० च्या खाली गेलं की काठावरचा कारभार, आणि उणे ८० ला नुसतं नाव दिसतं. तुमचं कार्ड एका अँटेनाचं आहे, २.४ वर २० मेगाहर्ट्झमध्ये त्याचा वरचा वेग ७२ मेगाबिट. तुम्हाला १३ ते २६ मिळतोय, म्हणजे ते अगदी खालच्या पायऱ्यांवर चालतंय. एवढ्या कमी सिग्नलवर शेजारचा कुठलाही गोंगाट त्याला बुडवतो.

आणि चॅनल ९ ही सगळ्यात वाईट जागा आहे. २.४ मध्ये चॅनल ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत, पण एक राउटर जागा व्यापतो २० मेगाहर्ट्झची. म्हणून एकमेकांना न छेडणारे तीनच: १, ६, ११. एकाच चॅनलवरचे दोन राउटर एकमेकांचं बोलणं ओळखतात आणि आळीपाळीने बोलतात, वेग वाटला जातो पण काम चालतं. ९ वर बसलेला राउटर मात्र ६ वाल्यांनाही अर्धवट ऐकतो आणि ११ वाल्यांनाही. त्याला ते बोलणं समजत नाही, फक्त गोंगाट वाटतो. पॅकेट खराब होतात, पुन्हा पाठवावे लागतात, आणि तुमचं पिंग ९०० वर जातं.

राउटरमध्ये करायचं ते असं. त्याचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका, लॉगिन डब्याखालच्या स्टिकरवर असतं. कंपनीने पान बंद ठेवलं असेल तर तुमच्या भागातल्या ऑपरेटरला सांगा, त्याच्याकडून बहुतेक होतं.

२.४ चं चॅनल ऑटोवरून काढा. १, ६, ११ पैकी कोणतं घ्यायचं हे ठरवायला फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर जातीचं कुठलंही अ‍ॅप घ्या आणि तुमच्या टेबलापाशी उभं राहून बघा, डब्यापाशी नाही. किती नावं दिसतात यापेक्षा किती जोरात दिसतात ते महत्त्वाचं. उणे ८५ ची चार नावं परवडतात, उणे ५५ चं एक शेजारी नाही परवडत. १२ आणि १३ रिकामी दिसली तरी तिकडे जाऊ नका, बऱ्याच लॅपटॉपची कार्डं अमेरिकेच्या नियमांवर बसवलेली असतात आणि त्यांना ती चॅनल दिसतच नाहीत.

चॅनल विड्थ २.४ साठी २० मेगाहर्ट्झ पक्की करा, २०/४० ऑटो नको. ४० घेतली की तीन मोकळ्या जागांतल्या दोन तुम्हीच अडवता.

दोन्ही बँडना वेगळी नावं द्या. एकच नाव असलं की तुमचा लॅपटॉप भिंतीआडून ५ गिगाहर्ट्झ पकडायला जातो, तिथे टिकत नाही, परत २.४ वर येतो. पुढच्या खोलीतल्या लॅपटॉपमध्ये फक्त २.४ चं नाव ठेवा आणि ५ वालं फरगेट करा.

सुरक्षा डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र असेल तर तात्पुरती डब्ल्यूपीए२-एईएस करून बघा. जुन्या ड्रायव्हरना मिश्र पद्धत झेपत नाही. फरक पडला नाही तर परत मिश्र करा.

बालाघाट_वायरलेस

वरचं सगळं बरोबर. पण भिंतीचा विषय मला यापेक्षा मोठा वाटतो, चॅनल बदलून उणे ७४ चे उणे ६४ होणार नाहीत.

आपल्याकडच्या मातीच्या भिंती वायफायला फार जड जातात, आणि पावसाळ्यात ओल धरली की आणखी जड, कारण पाणी या लहरी शोषून घेतं. ५ गिगाहर्ट्झ तर अशा भिंतीपलीकडे नीट येतच नाही. त्यात लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे तिरकी वाट. दोन फुटांची भिंत सरळ ओलांडली तर दोन फूट माती. लहर ४५ अंशांत तिरकी गेली तर जवळपास २.८ फूट. ६० अंशांत गेली तर पूर्ण चार फूट. डबा खोलीच्या एका कोपऱ्यात आणि टेबल पलीकडच्या विरुद्ध कोपऱ्यात असेल तर तुमची दोन फुटी भिंत प्रत्यक्षात चार फुटी झालेली असते.

म्हणून डबा हलवा. दाराच्या अशा बाजूला आणा की टेबलावरून बघितलं तर दाराच्या चौकटीतून तो डबा, किंवा निदान तो टांगलेली भिंत दिसेल. लाकडी दार बंद असलं तरी मातीच्या मानाने काहीच अडवत नाही. पत्र्याचं किंवा लोखंडी दार असेल तर मात्र उघडंच ठेवावं लागेल. उंची पाच-सहा फूट. कपाटावरून तर काढाच. लोखंडी पत्र्याचा तो एवढा मोठा पृष्ठभाग अगदी अँटेनाखाली ठेवणं म्हणजे खालच्या दिशेचं सगळं परत वर फेकणं. राउटरला अँटेनाच्या काड्या असतील तर उभ्या ठेवा. लहरी काडीच्या बाजूंना पसरतात, टोकाकडे नाही. कूलरही बघा, उन्हाळ्यात डबा आणि टेबलाच्या मधे कूलर आला तर लोखंडी पत्रा आणि पाणी दोन्ही आडवे येतात.

डबा हलवताना फायबर ओढू नका. हिरव्या टोकाची लांब पॅच कॉर्ड मिळते, एससी-एपीसी दोन्हीकडे, आणि जोडायला त्याच जातीचा कपलर. निळ्या टोकाची कॉर्ड बसते पण चालत नाही, टोकाचा कोन वेगळा असतो आणि सिग्नल पडतो. वळण ३ सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा लहान देऊ नका, खिळ्यावर दुमडून टांगू नका. टोकाला बोट लावू नका आणि त्यात डोळा घालून बघू नका. हलवून झाल्यावर राउटरच्या स्टेटस पानावर आरएक्स पॉवर (फायबरमधून येणाऱ्या सिग्नलची ताकद) पाहा: आधी होती त्याच्या आसपासच हवी. उणे २७ च्या जवळ गेली असेल तर जोड नीट बसलेला नाही किंवा टोक मळलंय.

गुलमंडी_हार्डवेअर

दुपारच्या तुटण्याकडे कोणी बघितलं नाही. ते वायफायचं नसून विजेचं किंवा उष्णतेचं असू शकतं.

राउटरच्या स्टेटस पानावर अपटाइम असतो, म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे ते. दुपारी तुटलं की लगेच बघा. अपटाइम शून्यापासून सुरू झाला असेल तर राउटर स्वतः बंद पडून चालू झालाय. मग चॅनल आणि भिंत यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

असं असेल तर पहिला संशयित अ‍ॅडॉप्टर. बहुतेक डबे १२ व्होल्टचे, कुणाला १ अँपिअर लागतो, कुणाला १.५ किंवा २, डब्याखाली लिहिलेलं असतं. अ‍ॅडॉप्टरमधले कपॅसिटर उन्हाळ्यांनी सुकतात. मग मल्टिमीटरवर मोकळा मोजला तर १२ दाखवतो, पण डबा जोडल्यावर घसरतो. त्यामुळे मोजायचं ते लोडवर. त्याच व्होल्टचा आणि तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून एक दिवस काढा, हा सगळ्यात स्वस्त प्रयोग आहे. अँपिअर जास्त असला तर चालतो, व्होल्ट जास्त असून चालत नाही.

लाइट जाऊन इन्व्हर्टरवर येताना क्षणभर जो खंड पडतो तेवढ्यातही डबा रीस्टार्ट होतो, आणि फायबर पुन्हा नोंद व्हायला एक-दोन मिनिटं जातात. त्यासाठी १२ व्होल्टचा डीसी मिनी यूपीएस लावा. घेताना तीन गोष्टी जुळवा: व्होल्ट, अँपिअर आणि पिनची मापं. ५.५ बाय २.१ आणि ५.५ बाय २.५ बाहेरून सारखीच दिसतात, पण चुकीची पिन ढिली बसते आणि धक्का लागला की तुटते. २ अँपिअर मागणाऱ्या डब्याला १ अँपिअरचा यूपीएस लावला तर आजार तोच राहतो.

उष्णता: घरगुती राउटरच्या कागदावर चालण्याचं तापमान बहुतेक ० ते ४० अंश असतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बाहेरच ४२-४३ जातं. माळवदाखाली गारवा असतो म्हणून तुमचं बरं आहे. पण पत्र्याच्या खोलीत, बंद लाकडी खोक्यात किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीवर डबा ठेवलेला असेल तर दुपारी तो अडखळणारच. भिंतीला टांगा, मागून हवा फिरू द्या, जाळीतली धूळ ब्रशने काढा.

आता लॅपटॉप. बटण गायब होणं हे राउटरचं लक्षण नाही, तिथे कार्डच झोपेतून उठत नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्स, तुमचं कार्ड, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट. तिथे वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करण्याची परवानगी असते, ती खूण काढा. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा टॅबच नसतो, कारण ते वेगळ्या पद्धतीने झोपतात. मग झाकण बंद केल्यावर काहीच करू नये असं पॉवर ऑप्शन्समध्ये ठेवा, निदान केंद्र चालू असेपर्यंत. त्याच प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड टॅब बघा. रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस दिसली तर सगळ्यात कमी करा. एकच राउटर असलेल्या घरात दुसरा शोधत फिरायची गरज नाही.

ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, मॉडेल नंबर टाकूनच घ्या. विंडोज अपडेटनंतर बिघडलं असेल तर रोल बॅक करा, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणा. नेटवर्क रीसेट हे बटण शेवटी दाबा, ते सगळी साठवलेली वायफाय आणि व्हीपीएन पुसतं.

गायब झालंच तर रीस्टार्टऐवजी हे: पूर्ण शट डाउन, शिफ्ट दाबून ठेवून, म्हणजे फास्ट स्टार्टअप आड येत नाही. चार्जर काढा, हबसकट सगळं काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, मग चालू करा. कार्डमध्ये अडकून राहिलेली स्थिती यानेच सुटते. इतकं करूनही वारंवार गायब होत असेल तर कार्ड खिळखिळं किंवा मरत आलेलं.

उघडायची वेळ आली तर वॉरंटी बघा, आणि आत गेल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. कार्ड २२ बाय ३० मिलिमीटरचं, एका स्क्रूवर बसलेलं, त्यावर ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान सोनेरी गोल आणि त्यावर काळी-पांढरी वायर. ही वायर बिजागरीतून वर स्क्रीनच्या कडेला असलेल्या अँटेनापर्यंत जाते. टोक जरा तिरकं बसलं तरी डब्यापाशी ठीक चालतं आणि भिंतीआड गेलं की कोसळतं, म्हणून तुमच्या बाबतीत हे बघण्यासारखं आहेच. नखाने सरळ वर उचला, वायर धरून ओढू नका. बसवताना गोलावर गोल बरोबर ठेवून बोटाने सरळ दाबा, टिक असा बारीक आवाज येतो. तो आला नाही तर बसलेलं नाही, जोर न लावता पुन्हा जुळवा.

कार्ड बदलायचं ठरलं तर तुमचा प्रोसेसर एएमडी आहे हे दुकानात आधी सांगा. इंटेलचं एएक्स२०० किंवा एएक्स२१० चालतं. एएक्स२०१ आणि एएक्स२११ चालत नाहीत. दिसायला तशीच असली तरी ती इंटेलच्याच चिपसेटवर अवलंबून असतात. तुमच्या लॅपटॉपमध्ये कदाचित एकच अँटेना वायर असेल. दुसरी वायर कधी कधी प्लास्टिकच्या नळीत गुंडाळून कडेला चिकटवलेली सापडते, कधी नसतेच. नसेल तर दोन अँटेनांचं कार्ड टाकून अर्धाच फायदा. काही पातळ लॅपटॉपमध्ये कार्ड बोर्डावर डाकलेलं असतं, तिथे हा विषयच संपला.

रेडिओलहरी

एक राहिलं होतं, वरचं वाचताना आठवलं. ते यूएसबी ३.० हब. यूएसबी ३ च्या ५ गिगाबिटच्या सिग्नलमधून जो गोंगाट गळतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर मोजमापांसह कागद काढला होता. हार्डडिस्क चालू असताना पिंग उडतं का ते बघा: पिंग चालू ठेवून हार्डडिस्कवर मोठी फाइल कॉपी करा, मग हब उपटा. फरक लगेच दिसेल.

दिसलाच तर हार्डडिस्क कामाच्या वेळी काढून ठेवा, किंवा हब मीटरभर वायरवर लॅपटॉपपासून लांब न्या. प्रिंटर आणि अंगठ्याच्या मशीनला यूएसबी २ पुरतं. ब्लूटूथ माउसही २.४ वरच असतो, पण त्याचा त्रास यामानाने कमी.

पेंगुइन_परभणी

विंडोजवाल्यांचं झालं, कुणी उबुंटू किंवा मिंट लिनक्स वापरून हा धागा वाचत असेल तर दोन ओळी. नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ डॉट डी फोल्डरमध्ये वायफाय पॉवरसेव्हची फाइल असते. त्यात किंमत ३ असेल तर २ करा, मग सेवा रीस्टार्ट करा. ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद. तुटल्या तुटल्या डीमेसेज (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) बघा, फर्मवेअर क्रॅश झालं असेल तर तिथे कार्डच्या ड्रायव्हरच्या नावाने लिहिलेलं सापडतं. मग उपाय नवा कर्नल आणि नवं फर्मवेअर पॅकेज. पॉवर सेटिंगशी खेळत बसू नका.

औसा_केंद्र

सर्वांचे मनापासून आभार. डबा दाराच्या रेषेत भिंतीवर घेतला, ऑपरेटरने हिरव्या टोकाची कॉर्ड लावून दिली. चॅनल १, विड्थ २०, नावं वेगळी. सिग्नल आता ७२ टक्के, रिसीव्ह रेट ५८ ते ७२. हार्डडिस्क कॉपीला लावली की पिंग २०० वर जातंय हेही दिसलं, ती काढून ठेवली. दुपारचा अपटाइम बघितला तर खरंच शून्यापासून सुरू झालेला. दुसरा अ‍ॅडॉप्टर मागवलाय. झाकणाची सेटिंग बदलली, बटण गायब होण्याचं अजून लक्ष ठेवून आहे.

आता दोन प्रश्न. ७२ टक्क्यांवर निर्धास्त राहू का, की केबलच ओढू? आणि अंगणापलीकडे चाळीसेक मीटरवर पत्र्याचं गोदाम आहे, तिथे दुसरा लॅपटॉप चालवायचाय. रिपीटर लावला तर?

बालाघाट_वायरलेस

७२ म्हणजे उणे ६४, पोर्टलला पुरतं. पण पावसाळ्यात भिंत ओलावली की त्यातले चार-सहा जाऊ शकतात. ज्या टेबलावर रोज लोकांचे फॉर्म भरले जातात तिथे माझं मत केबलच. कॅट ६ घ्या, पूर्ण तांब्याची. स्वस्तात मिळणारी तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते, ती टोकाला मोडते. भिंत फोडायची गरज नाही, दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून पट्टीत घालून न्या. लॅपटॉपला पोर्ट नाही म्हणून यूएसबी ते गिगाबिट लॅन अ‍ॅडॉप्टर. तो यूएसबी ३ चा असला तरी हरकत नाही, केबलवर गेल्यावर वायफायच्या गोंगाटाचा प्रश्न राहत नाही. वायफाय बंद करायची गरज नाही, दोन्ही जोडलेली असली तर विंडोज आपणहून केबलला पसंती देतं. केबल निघाली तर वायफायवर येतं.

गोदामाला रिपीटर नको. एकाच रेडिओवर ऐकणं आणि पुढे पाठवणं दोन्ही करतो, त्यामुळे वेग निम्मा होतो. शिवाय पत्र्याच्या आत ठेवला तर त्यालाच सिग्नल मिळत नाही, बाहेर ठेवला तर आत पोहोचत नाही. दुसरा साधा राउटर गोदामाच्या आत लावा आणि त्याला वायरने जोडा. त्याचा डीएचसीपी (पत्ते वाटण्याची सोय) बंद करा, पत्ता १९२.१६८.१.२ करा, आणि वायर त्याच्या वॅन पोर्टला न लावता लॅन पोर्टला लावा. चॅनल ६ किंवा ११ द्या, १ वर घर आहे.

वायर मात्र तांब्याची नको. कॅट ६ शंभर मीटर जाते, अंतराची अडचण नाही, पण उघड्या अंगणातून दोन इमारतींमधे तांबं ताणलं की अवकाळीत वीज जवळपास पडली तरी दोन्ही टोकांचे पोर्ट जातात, कधी लॅपटॉपही. तिथे बाहेर चालणारी फायबरची ड्रॉप केबल टाका, दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारा छोटा डबा). एका फायबरवर चालणारी जोडी घेतली तर एक ए आणि एक बी असे वेगळे असतात, दोन्ही सारखे घेतले तर दिवा लागत नाही. ड्रॉप केबलमध्ये आधाराची लोखंडी तार असते, ती दोन्ही टोकांना भिंतीबाहेरच्या हुकाला बांधून तिथेच तोडा, आत मशीनपर्यंत नेऊ नका. अंगणातून ट्रॅक्टर जात असेल तर ट्रॉलीवर कडब्याचा भर किती उंच जातो ते बघून केबलची उंची ठरवा. जमिनीतून न्यायची असेल तर पाइपातून, निदान दीड-दोन फूट खोल, म्हणजे नांगराला किंवा फावड्याला लागणार नाही.